एकेचाळीस हात

लाँचवर बेचाळीस उतारू होते, पाण्याची तीन पिंपं होती आणि दुबईचा किनारा अजून दोन दिवस लांब होता. सन चौसष्टच्या फेब्रुवारीतल्या त्या दुपारी मोहिद्दीनच्या गळ्यावर फोड दिसले आणि कुणीतरी ओरडलं, "देवी आल्यात याला!"

"मग आपल्याला कोण उतरू देणार? सोडा त्याला त्या समोरच्या बेटावर," दुसरा म्हणाला. मग सगळेच तेच म्हणू लागले.

मोहिद्दीन गावच्या खैरुद्दीनकडे वळला. "चाचा, अम्मीला शब्द दिलाय तुम्ही. सांगा ना यांना, नुसतं घामोळं आहे म्हणून."

"काय चाचा, तुम्हीपण उतरताय वाटतं त्याच्याबरोबर?" मागून कुणीतरी हसलं.

नाखवा म्हणाला, "सोडा म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

चाळीस हात वर गेले. सगळे खैरुद्दीनकडे बघत राहिले. त्याने सदऱ्याच्या बाहीचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि तोच हात वर केला.

"एकेचाळीस," नाखवा म्हणाला.

बेटावरून होडी रिकामी परत आली. खैरुद्दीन पिंपांच्या आडोशाला गेला, बाही कोपरापर्यंत सारली आणि फोड मोजले. पहाटे तीन होते. आता सात झाले होते.