पर्लला नमस्कार

१९८४ साली टेक्ससमधल्या एडनाबाईंच्या कळपात एका संसर्गजन्य रोगानं गाई गाभडू लागल्या. टीव्हीवर बातमी आली आणि साऱ्या गावानं बीफ घेणं बंद केलं. आजारी गाई कत्तलीला नेल्यानंतर गुरांचे सरकारी डॉक्टर पद्माकर सोहोनी पुन्हा आले, तेव्हा एडनाबाई आपल्या लाडक्या गाईच्या, पर्लच्या, गळ्यात हात टाकून उभ्या होत्या.

"डॉक्टर, हिला मी बाटलीनं दूध पाजून वाढवलंय. हिची टेस्ट चांगली आली ना?"

"हो. हिला काही झालेलं नाही."

"आणि तुमच्याकडे तर गाय देव असते म्हणे!"

डॉक्टरांनी हातमोजे काढले, वाकून पर्लच्या खुरांना हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. एडनाबाईंनी आनंदानं नवऱ्याला हाक मारली, "वॉल्टर, पर्ल वाचली! डॉक्टर तिच्या पाया पडले!"

तेवढ्यात फाटकातून आजारी गाई नेणारा तोच ट्रक आत वळला.

"हा कशाला आला?"

"कळपातली एक जरी गाय मागे राहिली, तरी लोक बीफ घ्यायला धजायचे नाहीत," डॉक्टर खाली बघत म्हणाले.

"मग पाया कशाला पडलात?"

"आमच्याकडे शेवटचं न्यायच्या आधी पडतात."