परत फिरायचं नाही

इंडोनेशियातल्या सेमारांग शहरातल्या शिलाई कारखान्यात आगीपासून बचावाचं प्रशिक्षण चालू होतं. शिकवणाऱ्या रुस्मिनीबाई पूर्वी स्वतः मशीनवर बसायच्या. त्यांच्या जुन्या कारखान्याला लागलेली आग फाटकावरच्या कॅमेऱ्यात टिपली गेली होती, तेच चित्रण पडद्यावर दिसत होतं. धुरातून बायका बाहेर पळत होत्या. डोक्याला हिरवा रुमाल बांधलेली एक मुलगी फाटकापर्यंत पोचली, थबकली आणि उलटी आत धावली.

रुस्मिनीबाईंनी चित्र तिथंच थांबवलं.

"ही चूक. एकदा बाहेर पडलात की परत फिरायचं नाही. कशासाठीही नाही."

"डबा विसरली असेल!" मागून कुणीतरी म्हणालं.

"डबा कसला, मोबाइल! आपली युलियांती नसती का गेली?"

सगळ्या खिदळल्या. पुढच्या रांगेतल्या नूरयातीनं मात्र विचारलं, "खरंच काय विसरली होती हो ती, बाई?"

"मला," रुस्मिनीबाई म्हणाल्या. "उलटलेल्या टेबलाखाली माझा पाय अडकला होता. धाकटी बहीण आहे ती माझी."

नूरयाती पुढे झुकली.

"मग ती चुकली कशी म्हणता?"

"चुकलीच. दोघीही मेलो असतो. रोज जेवताना मी तिला हेच सुनावते." रुस्मिनीबाईंनी चष्मा पुसला. "ती मुकाट्यानं ऐकून घेते आणि माशाचा मोठा तुकडा माझ्याच ताटात वाढते."