बदामाखालचं बाक

आम्रपालीला येताना पाहून कंपनीच्या गेटजवळच्या बाकावरचा माणूस चटकन उठला आणि खिशातला रुमाल काढून त्याने बाकाची अर्धी बाजू झटकून दिली.

"बसा मॅडम. पाखरांनी घाण केलीय."

तिने मनात पहिली खूण केली. अनोळखी पोरीसाठी स्वतःच्या रुमालाने बाक पुसणारा माणूस साधासुधा नसतो.

महाड एमआयडीसीतल्या या कंपनीत तिचा मावसभाऊ दीपेश ठेकेदाराकडे कामाला होता. त्याने तिला आधीच सावध केलं होतं. "आतला इंटरव्ह्यू नुसता नावाला हाय. खरी परीक्षा गेटवर. कधी शेठ साध्या कपड्यांत येऊन बसतो, कधी त्याची परदेशात शिकून आलेली मुलगी. गप्पा मारता मारता माणूस जोखतात. शेठ आपल्याच पोलादपूर तालुक्यातला, कापडे गावचा. पण तू ओळखलंयस हे कळू द्यायचं नाय. फाइल पिशवीतून काढू नको आन् इंटरव्ह्यूचं तर नावच घेऊ नको."

आम्रपाली रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. ऐकीव गोष्टीवर भरवसा ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं, तिला पुरावा लागे. म्हणून तिने बारीक निरीक्षण सुरू केलं. वय पन्नाशीचं. चपला झिजलेल्या, पण शर्टाला धार लागावी अशी कडक इस्त्री. वेष बदलताना शेठ शर्ट चुरगळायला विसरले होते. शेजारच्या कापडी पिशवीतून एका प्लास्टिकच्या फाइलचा कोपरा डोकावत होता. उमेदवारांची माहिती, दुसरं काय!

"औंदा कापड्याला भात बरा हाय," तो माणूस म्हणाला.

कापडे! शेठचंच गाव! आम्रपालीने पिशवीतली फाइल आणखी आत ढकलली.

आज तिला ही नोकरी हवीच होती. पुण्याच्या एका लॅबने महिना सतरा हजार देऊ केले होते आणि दुपारी बारापर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. सतरा हजारांतून खोली आणि मेसचे पैसे गेले, की उरणार ते पोलादपूरच्या एसटीपुरते. इथं पस्तीस मिळाले, तर घरचा डबा आणि आईचा ओरडा दोन्ही रोज मिळणार होतं.

त्या माणसाची नजर कारखान्याच्या चिमणीकडे गेली. "काळा धूर येतोय. बॉयलरला हवा कमी पडतेय. फुकट जळतोय कोळसा."

कोळसा वाया गेला म्हणून ज्याच्या पोटात तुटतं, तो मालकच. तिने तिसरी की चौथी खूण केली.

"हवा फार वाढवली तर काय होईल, काका?" तिने विचारलं. शिकायची तयारी दिसायला हवी.

तो सावरून बसला. घाम पुसत पुसत पाच मिनिटं बोलला. हवा किती, पाणी किती, वाफेचा दाब किती, सगळं आकड्यांसकट. इतका मोठा माणूस आणि किती मन लावून सांगत होता!

"वडील बरे हायत ना?" त्याने मध्येच विचारलं.

"बरे आहेत."

"लय कष्टानं उभं केलं त्यांनी. आज नाव हाय त्यांचं."

आम्रपालीचे वडील पंचायत समितीत कारकून. पै पै जोडून त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या. हेही शेठला ठाऊक! ती भारावून म्हणाली, "हो. आता पुढचं मलाच सांभाळायचंय."

"सांभाळाल. चेहऱ्यावरच दिसतंय."

याहून चांगली वेळ येणार नव्हती. पण मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या बाईने बजावलं होतं, आकडा आधी समोरच्याच्या तोंडून काढायचा.

"काका, कामाच्या माणसाला आजकाल महिन्याला किती मिळायला हवेत?"

"तुम्हीच सांगा."

"नाही, तुम्हीच सांगा."

"छे छे! तुमच्यापुढं मी काय बोलणार?"

किती मुरलेला गडी! शेवटी तिनेच डोळे मिटून म्हटलं, "पस्तीस." आणि त्या बाईच्याच सल्ल्याप्रमाणे एकदम गप्प बसली.

तो माणूस तिच्याकडे बघतच राहिला. "पस्तीस?"

ती गप्प.

"मी मनात अठ्ठावीस धरले होते."

ती गप्पच. बदामाचं एक पान दोघांच्या मधे पडलं.

"पस्तीस तर पस्तीस!" तो म्हणाला. "मी कशाला नाय म्हणू?"

"मग सोमवारपासून?"

"सोमवारपासून. तुम्ही म्हणाल तर आजपासून."

दोघंही हसले. मग तो फोन घेऊन भिंतीशी गेला. तो हळू बोलत होता, तरी तिला ऐकू आलं. "त्यांना सांगून टाक, आता वाट बघू नका म्हणावं. हितं पक्कं झालं."

बिचारे बाकीचे उमेदवार, आम्रपालीला वाटलं. पण शेठ एवढ्या झटपट शब्द पाळत असताना आपण दोन दगडांवर पाय ठेवणं शोभत नव्हतं. तिने पुण्याच्या लॅबला कळवून टाकलं, की तिला गावाजवळच दुप्पट पगाराची नोकरी मिळाली आहे, तरी क्षमस्व. बाराला दहा कमी होते. 'ठीक आहे, शुभेच्छा,' असं उत्तरही लगेच आलं.

तेवढ्यात गेटवरचा वॉचमन हातात कागद घेऊन तरातरा चालत आला.

"अहो, किती हाका मारायच्या! इंटरव्ह्यूचे तुम्ही दोघंच राहिलाय, शेठ सकाळपासून आत एसीत बसून कंटाळलेत. बोला, आधी कोण येतंय, केमिस्ट का बॉयलरवाले?"