थरथरता हात

मधमाश्या नाहीशा होऊन अकरा वर्षं झाली होती. गच्चीत गांडूळखतावर वांगी लावणाऱ्या यमुनाताई फुलाफुलात ब्रश फिरवत, तरी फळ क्वचितच धरे. यंदा कंपवाताने त्यांचा हात थरथरू लागला. त्या हाताने फूल चिमटीत धरलं, तर पराग भुरभुर गळाला, आणि महिन्याभरात रोपं वांग्यांनी लगडली. मग शेजारीही त्यांना आपल्या बागेत बोलावू लागले.

मुलगी मंजिरी डॉक्टरांची वेळ घेऊन आली. “आई, मेंदूत चिप बसवली की थरथर थांबेल. तुला साधा कपसुद्धा धरवत नाही.”

“थांबेल म्हणजे कायमची?”

“कायमची.”

यमुनाताईंनी बाहेर पाहिलं. शेजारच्या गच्चीत वांगी आत्ताच फुलावर आली होती.

“मग बहर सरेपर्यंत चहा तू पाज मला,” त्या म्हणाल्या.