गाडी गरम होईस्तोवर

बाहेरच्या खोलीत चाब्या खळकन वाजल्या.

तोवर घरात चिडीचूप होतं. वृषाली जागीच होती, छताकडे पाहत पडली होती. सासऱ्यांनी खुंटीवरून गाडीच्या चाब्या काढल्या, तेवढ्यावरून तिला कळलं. उठले एकदाचे, असं मनात म्हणत तिनं रजई बाजूला केली.

"वृषाली, येते का जरा? एकट्यानं नाही जमत."

"आली, मामाजी."

मामाजी, म्हणजे मोरेश्वर, सौंसरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये जन्मभर फिटर होते. रस्त्यानं जाता जाता नुसत्या आवाजावरून सांगायचे, कोणत्या मशीनचा पट्टा सैल झाला ते. पण केतन, त्यांचा एकुलता एक मुलगा, वृषालीचा नवरा, गेला आणि हा माणूस आपल्या खोलीत जाऊन बसला तो बसलाच. घरात बोलणं उरलं नाही. वृषालीनं ती शिकवायची त्या शाळेतून लांब सुटी घेतली. मामाजींकडे कोण पाहील?

मग दिवाळीनंतर एका सकाळी केतनच्या गाडीनं त्रास द्यायला सुरुवात केली. बॅटरी उतरू नये म्हणून मामाजी ती कधीमधी सुरू करायचे. थंड इंजिन थरथरायला लागलं, आरपीएमचा काटा खालीवर नाचायला लागला, आता बंद पडते की मग असं वाटायचं. गरम झाली की मात्र शहाण्यासारखी चालायची.

"मिसिंग मारून राहिली," मामाजी म्हणाले. त्यांनी बॉनेट उघडलं आणि वृषालीला स्टीअरिंगवर बसवलं. "रेस देऊ नको. फक्त काटा पाह्य आणि सांगत जा मले."

प्लग पाहून झाले, फिल्टर झटकून झालं. शेवटी इंजिनाच्या मागच्या बाजूला रबरी पाइप सापडला, तोंडाशी ढिला झालेला. "इथून चोरून हवा जाते आत. रबर गरम झालं की फुगते, फट बुजते. म्हणून थंडीतच त्रास." त्यांनी पकडीनं क्लिप जागेवर बसवली.

दुसऱ्या दिवशी इंजिन एकसारखं गुणगुणलं. मामाजींनी चाब्या खुंटीला लावल्या. वृषाली आत येऊन पडली. दुपारी पाहिलं तर त्यांचं दार बंद. जेवायलाही आले नाहीत.

त्या संध्याकाळी तिनं बॉनेट उघडून क्लिप सरकवली. पाइप जरासा ओढला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती पाइप ढिला करायची आणि रोज सकाळी मामाजी तो शोधून काढायचे. मग म्हणायचे, "गरम झाली आहे तर एक चक्कर मारून ये. कार्बन जळून जाते. अन् चंचलले शाळेत सोड." त्यांचं मन राखायला ती लेकीला घेऊन जायची.

रविवारी तिचा धाकटा भाऊ हेमंत पांढुर्ण्याहून संत्री घेऊन आला.

"ताई, गाडी मी नेतो. आमच्याकडचा मिस्त्री घंट्याभरात ठीक करून देते."

तिनं त्याला लिंबाच्या झाडाखाली ओढलं. "हात लावू नको तिला. मीच बिघडवून राहिली." आणि सगळं सांगितलं. "गाडी ठीक झाली तर मामाजी पुन्हा त्या खोलीत जाऊन बसतील, हेमंत. ते उठतात ते तिच्यासाठी."

"अन् एवढ्या मोठ्या फिटरले समजत नाही?"

"ध्यान कुठं असतं त्यांचं आता. आधी प्लग, मग फिल्टर. पाइप नेहमी शेवटीच सापडतो."

हेमंतनं संत्रं सोललं, अर्धं तिच्या हातात दिलं. "तू बरी दिसून राहिली. केस विंचरले आज."

"सकाळी बाहेर यावं लागतं. लोक पाहतात."

"शाळेत कधी जाशील?"

"मामाजींना एकटं टाकून?"

हेमंतनं बिया झाडाखाली थुंकल्या. फोडी खात राहिला.

नंतरच्या बुधवारी लोधीखेड्याहून पाहुणे आले. वृषाली संध्याकाळभर स्वयंपाकघरात अडकली. सकाळी चाब्या वाजल्या, तेव्हा कुठं तिला आठवलं. पाइप राहिला.

आज गाडी नीट सुरू होणार. मामाजी चाब्या खुंटीला लावणार, दार लावून घेणार. ती सावकाश जाऊन स्टीअरिंगवर बसली, डोळे मिटले, चाबी फिरवली.

इंजिन थडथडलं. अख्खी गाडी हलली.

"पाह्य," मामाजी म्हणाले. "आज तर जास्तच करून राहिली."

वृषालीला हसूच आलं. गाडी खरंच बिघडली होती. आता खोटं करायला नको, चोरून बॉनेट उघडायला नको. तिनं काटा पाहून सांगितला, अगदी मन लावून. मामाजींनी प्लग काढले, पुसले, लावले. फिल्टर झटकलं. मग सवडीनं त्यांचा हात मागं गेला.

"हं. पाइप."

रोजच्या काढण्या-लावण्यानं आपोआपच निघाला असेल, तिनं स्वतःला सांगितलं.

"चक्कर मारून ये," मामाजी हात पुसत म्हणाले.

चंचल गणवेश घालून शेजारी बसली. शाळेचं वळण आलं तेव्हा आईकडे वळली.

"आई, एक सांगू? आबाजींनी नको सांगू म्हटलं आहे."

"सांग की."

"काल तू पोळ्या करत होती न, तर आबाजी म्हणाले, आज तुझी आई विसरली वाटते. मग त्यांनीच पाइप ढिला केला. दिवाळीनंतर पहिल्यांदा केला होता न, तसाच. तेव्हा पण पक्कड मीच धरली होती."

वृषालीचा पाय ब्रेकवर गेला. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. इंजिन आता गरम झालं होतं, आवाजसुद्धा येत नव्हता.

"काहून, चंचल?"

"गाडी बिघडली की तू उठते, म्हणून." चंचलनं काचेवरच्या वाफेत बोटानं एक गोल काढला. "पण आई, गाडी कायमची चांगली झाली, तरी तू उठशील न?"