उंबऱ्याच्या आत

“घरात काय हाये व पायण्यासारखं?” महादेवरावांनी चपला घालता घालता विचारलं. “सिनेमा काढाचा तं वावरात चाल. कापूस फुटला हाये, पांढरं दिसते सारं.”

“मले घरच पायजे, बाबा,” प्रणाली म्हणाली.

पुण्याला ती माहितीपट करायला शिकत होती. या माहितीपटात कॅमेरा अकोटच्या या दोन खोल्यांबाहेर जाणार नव्हता. आईबाबा घरात एकमेकांशी कसे राहतात, एवढंच तिला टिपायचं होतं. पण कॅमेरा दिसला की बाबा फोटो स्टुडिओत बसल्यासारखे ताठ बसत, नाहीतर वावराची वाट धरत. आठवडा गेला. चित्रीकरणात आई होती, चूल होती, भिंती होत्या. बाबा नव्हते.

आताही ते निघालेच होते, तेवढ्यात आतून सुभद्राबाईंनी हाक मारली. न्हाणीत पडून त्यांचा उजवा हात मोडला होता. प्लॅस्टर घातलेला तो हात गळ्यात अडकवलेला, डाव्या हातात कंगवा.

“अजी, वेणी घालून द्या जरा.”

“मी? पोरीले सांग ना.”

“तिचे हात कॅमेऱ्यात गुतले हायेत.”

महादेवराव दाराशी घुटमळले. मग चपला काढून बायकोमागे खाटेवर येऊन बसले. केस हातात घेतले आणि त्यांची नजर कॅमेऱ्यावर गेली.

“बंद कर व तो. लोक हासतीन.”

प्रणालीने बटणाकडे हात नेला. आई तिच्याकडे बघत होती आणि डोळ्यांनीच नको म्हणत होती. प्रणालीने कॅमेरा तसाच चालू पिठाच्या डब्यावर ठेवला आणि ती अंगणात निघून गेली.

दुपारी बाबा जेवायला आले, तेव्हा तिने कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. “आधी तुमी पाहा. नको म्हनसान तं पुसून टाकतो.”

छोट्या पडद्यावर सकाळचं चित्रण सुरू झालं. महादेवरावांचं तोंड एकदम जवळ आलं. “बंद हाये ना हा?”

“बंदच हाये,” मागून सुभद्राबाई म्हणाल्या, आणि सरळ कॅमेऱ्यात बघून हसल्या.

ते परत बसले. गुंता सोडवताना ओढ बसू नये म्हणून त्यांनी केस मुळाशी मुठीत धरले होते.

“दुखते का?”

“नाई.”

कंगवा मुळापासून टोकापर्यंत फिरत राहिला.

“केस पांढरे झाले व तुये.”

“आज दिसले तुमाले?”

ते वेणी आणखी हळू घालू लागले.

पडदा काळा झाला. महादेवरावांनी बायकोकडे पाहिलं. त्या डाव्या हाताने मन लावून तूरडाळ निवडत होत्या.

“लबाड,” ते म्हणाले. मग लेकीकडे वळले. “वेणी वाकडी आली. उद्या सकाळी आणखी एक डाव घे.”