मदरबोर्डच्या तापाचा तक्ता

"अठ्ठ्याण्णव," दारातून आई म्हणाली. "नव्व्याण्णव." आणि स्क्रीन काळा झाला.

लेकीने हेडफोन काढून टेबलावर आपटले. "तीन चाळीस झाले. चारला सामना आहे. कॅप्टनने साफ सांगितलंय, आज मध्येच गायब झालीस तर टीममधून कायमची बाहेर." एवढं बोलून ती वायर तपासायला टेबलाखाली शिरली. या आठवड्यात ती पाचव्यांदा तिथे शिरत होती.

संगणकाचा मदरबोर्ड नवा होता. वर्षभर मन मारून तिने तो घेतला होता. अंगावर काळ्या धातूचं चिलखत, गार राहायला त्याला पाकळ्या, ग्राफिक्स कार्डाचं वजन पेलायला पोलादी काठाची खाच, कडेने वाहणारे सात रंगांचे दिवे. आणि एका कोपऱ्यात इवलासा लाल आकडा, प्रोसेसर किती तापलाय ते सांगणारा. कॅबिनेट तिच्या खुर्चीमागे भिंतीला टेकून होतं आणि त्याची बाजू काचेची होती, त्यामुळे तो आकडा थेट दारापर्यंत दिसायचा. तिथेच घोळ झाला.

आई एकतीस वर्षं वॉर्डात नर्स होती. बोर्ड बसवला त्या दिवशीच तिने दारातून चाळीस वाचलं आणि तिच्या हातातली उशी खाली पडली.

"अगं बाई, चाळीस म्हणजे एकशेचार! हा तर फणफणलाय!"

"आई, तो माणूस नाही. त्याला ऐंशीसुद्धा चालतात."

"चालतात म्हणून अंगावर काढायचे?"

तिने दाराच्या चौकटीला एक तक्ता लटकवला. वेळ, ताप, भेटीला कोण, शेरा. लेक खेळायला बसली की दर दहा मिनिटांनी ती दारात येऊन नोंद करायची, हळूच, रुग्णाची झोपमोड होऊ नये अशा बेताने. लेकीला हसू यायचं. तो तक्ता तिने एकदाही वाचला नव्हता.

तिने बोर्ड दुकानात नेऊन दाखवलाही होता. तिथे तो दिवसभर मुकाट चालला. "ठणठणीत आहे," दुकानदार म्हणाला. "दवाखान्यात सगळ्यांनाच बरं वाटतं," आई म्हणाली होती. "घरी आलं की परत सुरू."

टेबलाखालून निघताना लेकीचं डोकं दाणकन आपटलं. डोकं चोळत ती दारापाशी आली. रडू तर येत होतं, पण रडायला वेळ नव्हता. दुसरं काहीच सुचेना म्हणून ती तक्ता वाचू लागली.

"३.१०. ताप ५९. भेटीला: वडील. कॅबिनेटच्या डोक्यावर झाकलेला ट्रे ठेवला.
३.२०. ताप ७४. ट्रे तिथेच.
३.३०. ताप ८८. ट्रे तिथेच. रुग्णाला धाप लागली आहे.
३.४०. बेशुद्ध. लेक टेबलाखाली असताना वडील ट्रे घेऊन गेले."

शेवटच्या ओळीची शाई अजून ओली होती. लेकीने मागचं पान उलटलं. कालही तेच. परवाही तेच.

"आई! तुला तो ट्रे दिसत होता?"

"दिसला म्हणून तर लिहिला."

"मग बोलली का नाहीस?"

"नर्सने नोंद करायची असते," आई शांतपणे म्हणाली. "निदान नाही."

"बाबा!"

बाबा स्वयंपाकघरातून आले. कोपरापर्यंत मैदा. जन्मभर त्यांनी नकाशे काढले आणि निवृत्त झाल्यावर ते पाव भाजायला शिकत होते. पहिले चार पाव दाराला अडकण म्हणून वापरावे लागले. या आठवड्यातले मात्र कापसासारखे झाले होते. तिघांनीही बोटं चाटून खाल्ले होते.

"पीठ फुगायला ऊब लागते गं," ते म्हणाले. "आणि त्या वरच्या जाळीतून काय सुरेख ऊब येते! पण तुझं यंत्र मध्येच बंद पडतं. माझ्या गोळ्याला मग तासभर जास्त लागतो. मी कधी तक्रार केली का?"

चारला पंधरा मिनिटं होती. लेकीने जाळीवर साचलेला मैदा फडक्याने पुसला, कॅबिनेट भिंतीपासून लांब ओढलं आणि बटण दाबलं.

सामना सुरू झाला. आई स्टुलावर बसली. बाबांना उंबरठ्याच्या आत प्रवेश नव्हता. एकसष्ट. चौसष्ट. पासष्ट. परत चौसष्ट. लेकीची बोटं चालत होती, आईचे ओठ. पन्नासाव्या मिनिटाला लेकीने शेवटचा गडी टिपला आणि अशी किंचाळली की बाबा प्रवेशबंदी मोडून आत आले.

"जिंकलो!" स्पीकरमधून कॅप्टनचा आवाज आला. "पण तुझ्या यंत्राला झालं होतं काय?"

आई तक्ता घेऊन पुढे झाली. तळाशी तिने पट्टीने आखून एक नवा रकाना केला होता. तिने तो खणखणीत वाचला. "आजाराचं कारण: वडील."

तिकडे सगळी टीम खो खो हसली. लेकही हसली. बाबा खाकरले.

"अगं, एक विचारू का? मागच्या रविवारी मी तुला विचारलं होतं, पीठ फुगायला आपल्या घरात उबदार जागा कुठे सापडेल."

आईने तक्ता छातीशी धरला.

"तू म्हणालीस, लेकीच्या खोलीत, कॅबिनेटच्या डोक्यावर. हात लावून बघितलंय म्हणालीस."

एकतीस वर्षांत आईने कुठल्याही नोंदीत खाडाखोड केली नव्हती. तिने पेनाचं टोपण काढलं, 'वडील' या शब्दावर सरळ रेघ ओढली आणि शेजारी नीट, वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं, 'परिचारिका.'